पाहुणे, पान वाढलंय

"लोक फार रडत असतील ना हो?" फोनवरच्या बाईंनी विचारलं, आणि विश्राम केळुसकरला क्षणभर वाटलं की नंबर चुकलाय. खालच्या आगाशे डॉक्टरांच्या दवाखान्यात तो उभा होता. त्याच्या घरी फोन नव्हता, तेव्हा त्याचे सगळे फोन इथेच यायचे, आणि बाकावरचे खोकणारे पेशंट ते मन लावून ऐकायचे. नंबर काही चुकला नव्हता. बाईंनी नाव सांगितलं राधामणी वारियर, पिंपरीच्या शाळेत शिक्षिका. मराठी अगदी मंडईत घासाघीस करून पक्कं झालेलं, फक्त शेवटी जरा हेल. "माझे वडील करुणाकर वारियर. तुमच्या पिक्चरची मूळ गोष्ट त्यांची. निर्माते मोहित्यांनी रविवारच्या कार्यक्रमाला त्यांना बोलावलंय ना, ते आलेत केरळातून, ओट्टपालमहून. अच्छनना, म्हणजे वडिलांना, काही झोप नाही बघा. सारखं म्हणतात, ती कावळ्याची जागा मराठीत कशी केली असेल? ते सगळं आमच्या घरात झालेलं आहे हो. अच्छनचे वडील त्यांच्या लहानपणी घर सोडून गेले, ते परत आलेच नाहीत. मी अजून पिक्चर बघितला नाही, अच्छनबरोबरच पहिल्यांदा बघायचाय. म्हणून विचारते, लोक फार रडत असतील ना?" "हो... म्हणजे प्रतिसाद उत्तम आहे," विश्राम म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. बाकावरच्या एका म्हातारबुवांनी खोकला आवरून विचारलं, "कोण गेलं का?"

गेलं कुणी नव्हतं. तीच तर पंचाईत होती. 'वरच्या माडीचा पाहुणा' नावाच्या त्या सिनेमात कुणीच जात नव्हतं, सगळे येतच होते. पुण्यात श्रीविलास टॉकीजला पंचविसावा आठवडा लागला होता, रविवारी त्याचाच सोहळा होता. बार्शीला म्हणे लोकांनी हसून हसून दोन खुर्च्यांच्या पाठी मोडल्या, आणि टॉकीजच्या मालकाने त्या तशाच ठेवल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. आणि ज्या जागेबद्दल त्या बाई विचारत होत्या, ती कावळ्याची जागा, तिच्यासाठी माणसं दुसऱ्यांदा तिकीट काढत होती. वीस वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला नवरा भाडेकरू म्हणून स्वतःच्याच घराच्या माडीवर येऊन राहतो. मुलगे त्याला ओळखत नाहीत. तो मेला असं धरून ते त्याचं श्राद्ध घालतात, पिंड ठेवतात, आणि कावळा काही शिवत नाही. शिवेल कसा? ज्याच्या नावाचा पिंड तो वरच्या कठड्याला टेकून बघतोय! थोरला हवालदार मुलगा हात जोडून म्हणतो, बाबा, तुमची सायकल विकणार नाही. कावळा ढिम्म. धाकटा म्हणतो, बाबा, आईला काशीला नेईन. कावळा ढिम्म. शेवटी उन्हं डोक्यावर येतात, माडीवरच्या पाहुण्याला भूक अनावर होते, आणि तो टॉवेल खांद्यावर टाकून खाली येतो, पानासमोर मांडी घालतो आणि वडे उचलून खायला लागतो. "अहो पाहुणे!" हवालदार ओरडतो. पाहुणा तोंडातला घास गिळून शांतपणे म्हणतो, "कावळ्याला उशीर आहे. तोवर म्हटलं मीच शिवतो." इथे थिएटर कोसळायचं. ते वाक्य पानाच्या टपरीवर, बँकेच्या खिडकीशी, लग्नाच्या पंगतीत ऐकू यायला लागलं होतं. विश्रामने स्वतः ते एका अनोळखी माणसाच्या तोंडून रिक्षात ऐकलं होतं आणि उतरल्यावर त्या आनंदात सुटे पैसे परत घ्यायला विसरला होता.

आणि आता कळत होतं की मूळ मल्याळम सिनेमा हा रडायचा होता. तो जिने चढायला लागला. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती हे खरं, पण मारुती एवढा गाजला की गणपती होता हेच कुणाला माहीत नाही, आणि आता गणपतीवाले रविवारी दर्शनाला येणार! त्याच्या कामाची रीतच तशी होती, दोष द्यायचा तर तिला द्यावा लागला असता. निर्माते तात्या मोहिते मद्रासहून, कोचीनहून हक्क घेऊन यायचे, सोबत एक कॅसेट आणि एजंटाने तुटक्या हिंदीत फोनवर सांगितलेली गोष्ट. "केळुसकर, घरात म्हातारा घुसतो, लपाछपी आहे, भरपूर गोंधळ आहे. महिन्यात मराठी करा." विश्राम कॅसेट घालायचा, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करायचा आणि मांडीवर पाट घेऊन बसायचा. नव्याने आलेले लेखक हसायचे त्याला. तो म्हणायचा, "भाषा कळत नाही ना, मग ती कानात कशाला? कानात परकी भाषा शिरली की आपली माणसं गप्प बसतात. आवाज बंद केला, की पडद्यावरची माणसं आपोआप मराठी बोलायला लागतात." आणि ती बोलायची, हे खोटं नव्हतं. एखाद्या मिशीवाल्याचे ओठ हलले की विश्रामला स्वच्छ ऐकू यायचं, 'अगं पण चहा तरी टाकशील का नाही?' तो ते लिहून घ्यायचा. तेलुगू जमीनदार असे साताऱ्याचे पाटील झाले होते, तमीळ वकील गिरगावातले झाले होते, आणि कुणाची काही तक्रार आली नव्हती. मुलुखामुलुखात माणूस उघडा पडतो तसाच आणि लाजतो तसाच, मग शब्द काय, बदलता येतात, असं त्याला वाटायचं. म्हणजे त्या फोनपर्यंत वाटत होतं.

घरात शिरल्या शिरल्या त्याने पलंगाखालची ट्रंक ओढली आणि ती कॅसेट काढली. बायको कुमुद भाजी निवडत होती. "आता कुठला नवीन?" "नवीन नाही. जुनाच. आवाज लावून बघायचाय." कुमुदने भाजी खाली ठेवली. एवढ्या वर्षांत तिने असलं काही ऐकलं नव्हतं. त्याने बटण फिरवलं, आणि पहिल्याच दृश्यात, म्हातारा फाटक ढकलून अंगणात येतो तिथे, व्हायोलिनं सुरू झाली. एक नाही, दोन नाही, रांगेने बसवलेली व्हायोलिनं, त्यांच्या मागून कसलंसं लांब सुराचं वाद्य, आणि त्या सगळ्याच्या खाली एक बाई हुं हुं करून गात होती. विश्रामने कपाळावर हात मारला. "अहो, ही तर मयताची मिरवणूक वाटतेय," कुमुद म्हणाली. म्हातारा भाताच्या कोठारात लपतो, ते दृश्य आलं. विश्रामने ते लिहिलं होतं तेव्हा म्हाताऱ्याला शिंका येतात असं लिहिलं होतं, कारण त्याचं अंग गदगदत होतं आणि तो नाकाला पंचा लावत होता. आता ऐकू येत होतं, तो शिंकत नव्हता. हुंदके देत होता. मग स्वयंपाकघर. त्या बाईची कॅमेऱ्याकडे पाठ, ती चुलीकडे तोंड करून उभी, तोंडात पदराचं टोक, खांदे हलताहेत. हे दृश्य तर विश्रामला फार आवडलं होतं. त्यावरूनच त्याने आपली गोदाक्का उभी केली होती, नवऱ्याला ओळखूनही न ओळखल्याचं सोंग करणारी, त्याला 'पाहुणे, पाहुणे' म्हणून छळणारी आणि मग चुलीकडे वळून गुपचूप हसणारी. आता चुलीकडे वळलेल्या त्या बाईने पदर तोंडातून काढून एकच शब्द उच्चारला, हलक्या आवाजात, कुणी ऐकू नये असा. तो शब्द काय होता कोण जाणे. पण ती रडत होती, यात काही शंका उरली नव्हती. कुमुद म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं हो, तिचे डोळे सुजलेले दिसत होते." "मग बोलली का नाहीस?" "मला वाटलं, कांदा चिरत असेल. तुम्ही इतके खूश होऊन लिहीत होतात, मध्ये कशाला तोंड घाला."

त्याने आवाज पुन्हा बंद केला. आणि खरं सांगायचं तर आवाज बंद होताच ती बाई पुन्हा हसायला लागली. तेच खांदे, तोच पदर. विश्राम टीव्हीच्या काचेकडे बघत बसला. ते खांदे त्याने या कॅसेटच्या कितीतरी आधी बघितले होते, कुडाळजवळच्या त्यांच्या घरात, मातीच्या चुलीपुढे. त्याचे वडील फिरत्या नाटक कंपनीत विनोदी कामं करायचे. वर्षातून एकदा, कंपनी बंद असे तेव्हा, घरी यायचे, तेही न कळवता. अंगणात एक गृहस्थ उभा राहायचा, हातात पत्र्याची पेटी, डोक्याला कसलीशी वेगळीच टोपी, आणि विश्राम आणि त्याची बहीण खांबाआड पळायची, कारण वर्षभरात चेहरा पुसट झालेला असे. आई दारात यायची. एक क्षण बघायची. मग आत तोंड करून मोठ्याने म्हणायची, "पावणे इले रे! पाणी दी!" आणि वडील, ते तर जातिवंत नट, लगेच पेटी खाली ठेवून हात जोडायचे, "बाई, रातीपुरती जागा मेळात काय?" आई म्हणायची, "घोव घरात नाय माझो. इचारून सांगतंय." "कधी येतलो तुमचो घोव?" "येयत तेव्हा येयत. पेटयेवाल्याचो काय भरवसो?" खांबाआड मुलं हसून हसून बेजार व्हायची. तेवढ्या हसण्यात कधीतरी त्या गृहस्थाचा बाबा होऊन जायचा, कळायचंही नाही. मग आई पान वाढायला आत जायची, चुलीकडे वळायची, पदराचं टोक तोंडात घालायची आणि तिचे खांदे हलायचे. बघ, आयेक हसू आवरना नाय, असं बहीण कानात सांगायची. पन्नाशी उलटेपर्यंत विश्रामला कुणीही विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं, आमच्या घरात बाबा येणं म्हणजे सगळ्यात गमतीची गोष्ट होती. आई गेली, बाबा गेले, बहीण बेळगावला सुखात आहे. आता हे कुणाला विचारायचं, की त्या चुलीपुढे नेमकं काय चाललं होतं? वर्षभर एकटीने दोन पोरं सांभाळणारी, नवरा कुठल्या गावी आहे हे कंपनीच्या जाहिरातीवरून कळणारी ती बाई. आपण तिचाही आवाज बंद करूनच बघत होतो की काय? हा विचार मनात आला आणि तो उठून गॅलरीत गेला. खाली दवाखान्यापुढे कुणीतरी कुणाला सांगत होतं, "अरे, डॉक्टरला उशीर आहे, तोवर म्हटलं मीच..." आणि दोघं खिदळत होते. त्याला हसू आलं आणि त्या हसण्याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी तो तात्या मोहित्यांकडे गेला. तात्या पांढऱ्या सफारीत, समोर शालींचे गठ्ठे. त्याचं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "केळुसकर, लोक हसताहेत का नाही?" "हसताहेत." "मग? पंचविसाव्या आठवड्यात तुम्ही रडं कुठं शोधत बसलाय?" "तात्या, त्या माणसाचे वडील खरंच गेलेत घर सोडून. त्यांनी ते दुःख कागदावर उतरवलं. आणि आपण त्यात वडे घातले." तात्या म्हणाले, "वडे उडदाचे होते. श्राद्धाला चालतात." आणि स्वतःच्याच वाक्यावर असे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "असं करा," पाणी पिऊन ते म्हणाले, "त्यांना मराठी कुठं येतंय? गंभीर आहे म्हणून सांगा. लोक का हसतात विचारलं तर म्हणा, आमच्याकडे दुःख झालं की असंच करतात." विश्राम निघाला. गंमत म्हणजे तात्यांचं ते वाक्य रस्ताभर त्याच्या डोक्यातून जाईना. आमच्याकडे दुःख झालं की असंच करतात. थट्टेत बोललेला तो माणूस, त्याला काय ठाऊक कुडाळजवळ एक घर होतं म्हणून! पण एकदा ठरलं की ठरलं, खोटं काही सांगायचं नाही असं विश्रामने मनाशी पक्कं केलं. कावळ्याची जागा येईल तेव्हा म्हातारा उठून चालता झाला तर आपणही त्याच्यामागे बाहेर जायचं आणि फाटकाशी त्याचे पाय धरायचे. त्यानंतर हा धंदा बंद. शाळेतल्या गॅदरिंगला नाटुकली लिहू.

रविवारी दुपारच्या खेळाला श्रीविलासबाहेर केळीचे खुंट बांधले होते, सनई लावली होती. सनईवालासुद्धा मध्ये मध्ये थांबून गर्दीतल्या कुणालातरी ते कावळ्याचं वाक्य म्हणून दाखवत होता. वारियर मास्तर रिक्षातून उतरले. शाळामास्तरच ते, चाळीस वर्षं मुलांना शिकवून निवृत्त झालेले. लुंगीसारखं नेसलेलं पांढरंशुभ्र मुंडू, कपाळाला चंदनाचं बोट, छत्री काखेत. बारीक अंगाचे, डोळे मोठे आणि ओलसर. त्यांनी विश्रामचे दोन्ही हात हातात घेतले आणि आपल्या भाषेत काहीतरी बोलले. राधामणीने सांगितलं, "म्हणतात, तुम्ही माझ्या वडिलांना मराठी शिकवलंत." विश्रामला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "बाई, त्यांना सांगा, थोडा फरक केलाय. बराच केलाय." मास्तर मान हलवत हसले. ते म्हणाले, फरक हवाच, सून झाली म्हणजे मुलीनं नाव बदलायचं. आत रांगेत राधामणी मध्ये बसली, एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला विश्राम, त्याच्या पलीकडे कुमुद. कुमुदने आज ठेवणीतली पैठणी नेसली होती आणि ती अगदी मजेत होती. "आता जे व्हायचं ते होईल. पाय नीट घ्या पोटाशी, लोक चढताहेत अंगावर."

अंधार झाला, आणि पहिल्या दृश्यातच, पाहुणा फाटक ढकलतो तिथे, व्हायोलिनांऐवजी पिपाणी वाजली. विश्रामनेच सांगून घातलेली पिपाणी. थिएटर खुदकलं. त्याने डावीकडे बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण मान वळत होतीच. मास्तर पुढे झुकून बसले होते, छत्रीच्या मुठीवर हनुवटी. राधामणी त्यांच्या कानात काही सांगायला गेली तर त्यांनी हाताने थांबवलं. नको, काही सांगू नकोस. म्हणजे त्यांनाही एक अक्षर कळत नव्हतं आणि कळवून घ्यायचं नव्हतं. विश्रामला आपल्या घरातला तो बंद आवाजाचा टीव्ही आठवला. आता पडद्यावर त्याची माणसं ओठ हलवत होती आणि त्या म्हाताऱ्याच्या कानात ती कुठली भाषा बोलत असतील? कोठारात पाहुणा शिंकला, लोक हसले. मास्तर गप्प. हवालदार मुलगा बापाचीच झडती घेतो, लोक हसले. मास्तर गप्प. गोदाक्का दारात आली, एक क्षण बघितलं, आणि आत तोंड करून मोठ्याने म्हणाली, "पाहुणे आलेत रे, पाणी द्या!" हा आवाज लिहिताना विश्रामला स्वच्छ ऐकू आला होता. पडद्यावरची नटी त्याची आई बोलायची तशीच बोलली होती, अगदी तशीच, बाहेर मोठ्याने आणि आत कुठेतरी दबकत. मग ती चुलीकडे वळली, पदराचं टोक तोंडात. लोक शिट्ट्या मारायला लागले. आणि मास्तरांनी एकदम राधामणीचा हात धरला. झालं, विश्रामला वाटलं. आता उठतील.

पण उठले नाहीत, आणि मग श्राद्धाचा दिवस आला. थिएटरात कुजबूज सुरू झाली, आला, आला, कावळा आला, ज्यांनी आधी बघितलं होतं ते शेजारच्याला कोपर मारायला लागले. पान मांडलं. हवालदाराने हात जोडले. "बाबा, तुमची सायकल विकणार नाही!" मागच्या रांगेतून एकजण ओरडला, "विकूच नको!" फोनवर जे ऐकलं होतं ते आता विश्रामला नीट कळत होतं, की याच जागी, ओट्टपालमच्या कुठल्याशा अंगणात, केळीच्या पानावर भाताचे गोळे ठेवून एक मुलगा उभा राहिला असेल आणि कावळा आला नसेल. माडीवरच्या पाहुण्याने पोटावरून हात फिरवला. टॉवेल खांद्यावर टाकला. एकेक पायरी उतरायला लागला. सगळं थिएटर टाळ्यांच्या ठेक्यावर त्याला खाली उतरवत होतं. तो आला, मांडी घालून बसला, वडा उचलला, खाल्ला. "अहो पाहुणे!" आणि सगळं थिएटर, पाचशे माणसं, बायाबापड्या, पोरंसोरं, नटाच्या तोंडातून निघायच्या आधीच एका आवाजात म्हणालं, "कावळ्याला उशीर आहे! तोवर म्हटलं मीच शिवतो!" छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं. विश्रामने डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा मास्तर पुढच्या खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकून वाकले होते, तोंडात खांद्यावरच्या उपरण्याचं टोक कोंबलेलं आणि खांदे गदागदा हलत होते. अंधारात काही म्हणजे काही कळत नव्हतं. "मास्तर," विश्राम म्हणाला, "मास्तर, माफ करा..." तेवढ्यात मध्यंतराचे दिवे लागले.

मास्तरांनी तोंड वर केलं. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं, असं हसत होतं की कवळी सांभाळायला त्यांनी हात लावला होता. ते भराभरा बोलायला लागले आणि राधामणीला सांगता सांगता पुरेवाट झाली. "म्हणतात, आम्ही ओल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे कावळ्याला तसं बोलावतात. तळहात लाल झाले. अच्छन दहा वर्षांचे होते. कावळा आलाच नाही. सगळे म्हणाले, अपशकुन झाला. आणि अच्छनना आत खूप आनंद झाला होता, की कावळा आला नाही म्हणजे वडील जिवंत आहेत! पण हसता कसं येणार, घरात सगळे रडत होते. तो आनंद कुणाला सांगितलाच नाही त्यांनी. लिहितानासुद्धा घातला नाही, लाज वाटली. तिकडच्या गोष्टीत म्हातारा शेवटी मरतो." राधामणी थांबली, तिचाच आवाज जड झाला होता. "म्हणतात, तुम्हाला तो आनंद कुठून सापडला?" खोटं सांगायचं नाही हे विश्रामचं ठरलेलं होतं. "बाई, त्यांना सांगा, मी त्यांचा सिनेमा आवाज बंद करून बघितला. मला वाटलं, त्या बाई हसताहेत. माझी आई तशी हसायची." राधामणीने सांगितलं. मास्तरांनी कवळी नीट बसवली. मग त्यांनी विचारलं, आणि हे राधामणीने जवळजवळ कुजबुजत मराठीत आणलं, "चुलीपुढे ती काय बोलते, ते तुम्ही ऐकलंच नाही? ती त्याचं नाव घेते. जन्मात पहिल्यांदा. म्हणून आम्हाला कळतं की तिनं त्याला ओळखलंय. ते न ऐकता तुम्हाला कसं कळलं तिनं ओळखलंय ते?" "आई ओळखायचीच की," विश्राम म्हणाला. "पावणे म्हणायची, आणि पान वाढायची."

बाहेर कँटीनच्या आवारात तात्यांनी बटाटेवड्यांचं ताट पुढे केलं. ते घाबरत घाबरत मास्तरांच्या चेहऱ्याचा अंदाज घेत होते. "काय म्हणतात साहेब? गंभीर वाटला ना?" "फारच," कुमुद म्हणाली. मास्तरांनी दोन बोटांत वडा धरला. कुंपणाच्या भिंतीवर एक कावळा येऊन बसला होता, मान तिरकी करून वड्याकडे बघत होता. राधामणी म्हणाली, "अच्छन, घाला त्याला थोडा." मास्तरांनी कावळ्याकडे बघितलं, वड्याकडे बघितलं, आणि मान हलवली. मग त्यांनी आतापर्यंत ऐकून ऐकून पाठ झालेलं ते मराठी वाक्य, आपल्या हेलात, एकेक शब्द जपून ठेवत म्हटलं, "कावळ्याला उशीर आहे." आणि अख्खा वडा तोंडात टाकला. मिरची लागली असावी, डोळ्यांतून पुन्हा पाणी आलं. तोंडातला घास संपवून ते राधामणीला म्हणाले, विचार यांना, ही गोष्ट मी घरी घेऊन जाऊ का? मला ती पुन्हा लिहायचीय. या खेपेला वडील जेवून जातील, किंवा जाणारच नाहीत. तात्या चपापून म्हणाले, "अहो पण मग हक्क कुणाचे?"

विश्राम भिंतीकडे वळला. रुमाल काढून तोंडाशी धरला. बराच वेळ तो तसाच पाठमोरा उभा राहिला, आणि मध्यंतर संपल्याची घंटा झाली तरी वळला नाही. राधामणीने काळजीने कुमुदकडे बघितलं. कुमुदने हातातली वड्याची ताटली खाली ठेवली, पैठणीचा पदर सावरला आणि नवऱ्याच्या हलणाऱ्या खांद्यांकडे बोट करून म्हणाली, "बघा बाई, आता तुम्हीच सांगा, हे हसताहेत का रडताहेत? मला सव्वीस वर्षांत कळलेलं नाही. चला हो, पाहुणे, पुढचं सुरू झालं."